राणीला वाक्यं नाहीत

"हिचं निम्मं काम देवानंच केलंय की," दिग्दर्शक म्हणाला, आणि खोलीतली सगळी माणसं हसली.

मी आरशासमोर बसले होते. रंगभूषा करणाऱ्या अक्का तव्याची काजळी खोबरेलात कालवून माझ्या कपाळावर पसरत होत्या. कोमट, चिकट, जळकट वासाची. मी जन्माची काळी. तरी माझा काळा त्यांना पुरत नव्हता.

"अक्का, अजून चोळा. आफ्रिकेची वाटली पाहिजे."

डोक्यावर लोकरीच्या कुरळ्या केसांचा टोप. गळ्यात थर्माकोलची हाडं. ओठांभोवती जाड लाल रंग.

मी आले होते निराळ्याच कामासाठी. सोलापुरात एक विनोदी वेबमालिका तयार होत होती. मी एक कविता म्हणून तिचे ध्वनिमुद्रण पाठवले होते. श्वास कुठे घ्यायचा, शब्द जिभेवर कसा तोलायचा, हे मला कवितेने शिकवले. आवाज ऐकून त्यांनी फोनवरच नायिकेच्या वकील बहिणीची भूमिका दिली. पडद्यावरची माझी पहिली भूमिका. पानभर वाक्यं पाठ करून मी आले. दिग्दर्शकाने मला दारात पाहिले आणि म्हणाला, "नायिका एवढी गोरी, तिची बहीण अशी कशी दाखवू?"

मग मला जंगलाची राणी केले. नायकाला खांबाला बांधायचे, भाला नाचवायचा, हुलूलू ओरडायचे. माझे तोंड जवळ येताच त्याने बेशुद्ध पडायचे. हशा.

"माझी वाक्यं?" मी विचारले.

"राणीला कशाला वाक्यं? पण तुझा आवाज वाया नाय घालवणार. नायिका मुंबईची, मराठी कच्चं हाय तिचं. तिला तुझा आवाज लावू."

तिच्या तोंडाला माझा आवाज. माझ्या तोंडाला हुलूलू.

काजळी डोळ्यांत उतरून झोंबत होती. मी डोळे मिटले नाहीत.

"आफ्रिकेतलं कुणी तुम्हाला कधी भेटलंय, सर?"

"भेटायला कशाला पाहिजे? पिक्चरमधी बघितलंय की चिक्कार."

मीही आफ्रिकेतली माणसं पडद्यावरच पाहिली होती. खलनायकामागे हाताची घडी घालून उभे. गल्लीत नशा विकणारे. शेकोटीभोवती नाचणारे. आजारी लेकराच्या उशाशी बसलेला बाप कधी दाखवला नाही. हरवलेला चष्मा शोधणारी म्हातारी नाही. अख्ख्या खंडाला आमच्या पडद्याने एक आरोळी दिली आणि त्याची जीभ कापली.

दिग्दर्शकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, तुला कोण हसतंय? आपण त्या लोकांना हसतोय. तू आपली हायेस की."

आपली. दारात पाहिले तेव्हा नव्हते.

ती सवलत मला काजळीहून घाण वाटली. ते लोक दूर आहेत, ऐकणार नाहीत, म्हणून त्यांना हसायचे. आणि हसण्यात मी सामील झाले, तरच मी आपली.

मी त्याचा हात झटकला. टोप उपटून टेबलावर आपटला.

"ही राणी मी करणार नाही. आणि तुमच्या नायिकेला आवाजही देणार नाही."

"जा की मग. काळ्या पोरींचा दुष्काळ पडलाय काय सोलापुरात?"

"नाही पडला. जी येईल, तिलाही मी हेच सांगेन."

अक्कांनी कापसाचा बोळा पुढे केला. "पुसून तरी जा गं. लोक बघतील."

मी पुसले. खालून माझा स्वतःचा काळा रंग वर आला. तो कुणाला हसवण्यासाठी नव्हता.

जिथे काळ्या माणसाच्या तोंडी वाक्य नाही, तिथे माझा आवाज विकत मिळणार नाही, उसना मिळणार नाही. आणि अशा विनोदावर जिथे प्रेक्षागृह हसेल, तिथे मी उभी राहीन. हसू थांबेपर्यंत बसणार नाही.