तथापिसाहेबांचा सल्ला

आमच्या ह्यांना त्यांच्या संरक्षण अभ्यास संस्थेतली पोरं पाठीमागे ‘तथापिसाहेब’ म्हणायची. तिथल्या शिपायाने मला ते सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते, कारण नाव अगदी चपखल होतं. संरक्षण धोरणावरचा त्यांचा कुठलाही लेख उचला. आधी शेजारी देश सैन्य पुढे आणणार, मग तथापि तो ते आणणारही नाही, आणि शेवटी ‘मात्र संघर्षाची शक्यता नाकारता येत नाही.’ युद्ध झालं तरी हे बरोबर, नाही झालं तरी हेच बरोबर.

पहिल्यापासून असे नव्हते. लग्न झालं तेव्हा चांगले तडफदार होते. एका अहवालात त्यांनी छातीठोकपणे लिहिलं, की सीमेवरची जमवाजमव नुसता देखावा आहे, सैन्य लवकरच मागे जाईल. अहवालाची शाई वाळायच्या आत चकमक उडाली. संचालकांनी तो भर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला, एकेका वाक्यावर थांबत, आणि लोक खो खो हसले. मग ह्यांची रवानगी झाली ग्रंथालयात, जुनी कात्रणं लावायला. तिथून बाहेर आले ते ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य घेऊनच. त्यानंतर माणूस कधी चुकला म्हणून नाही. बढत्या मिळाल्या, परिषदांची आमंत्रणं आली, निवृत्तीनंतर तर टीव्हीवाल्यांनी डोक्यावर घेतलं.

जेवणाच्या खोलीचा स्टुडिओ झाला. मागे पुस्तकं, त्यातली जाडजूड नेमकी कॅमेऱ्यात येतील अशी मधल्या फळीवर. चर्चा सुरू असली की पंखा बंद, मिक्सर बंद, दाराची घंटा बंद आणि माझं तोंडही बंद. आम्ही जेवायचो स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून.

आमची एकुलती एक लेक आणि जावई सीमेजवळच्या गावात राहायचे. जावई तिथल्या पाणीपुरवठा केंद्रात इंजिनियर होता. त्या भागात गोळीबार सुरू झाला आणि लेकीचा फोन आला.

“बाबा, शेजारपाजारचे सामान बांधायला लागलेत. आम्ही पण निघू का? तुम्ही सांगाल तसं करतो.”

हे खुर्चीत सावरून बसले. “हे बघ, सध्या तरी मोठ्या संघर्षाची शक्यता कमी दिसते. तथापि...”

“बाबा, निघू की थांबू? एका शब्दात सांगा ना!”

“असं एका शब्दात सांगता येत नाही, बाळ. दोन्ही बाजू बघाव्या लागतात.”

मी फोन हिसकावून घेतला. “अगं, आहेत त्या कपड्यांनिशी या दोघं!”

ती हसली. “आई, तुला टीव्हीवर बोलावतात का? खरंच धोका असता तर बाबांनी ‘या’ म्हटलं नसतं?”

म्हणून ते दोघं थांबले. पुढच्याच आठवड्यात पाणीपुरवठा केंद्रावर तोफगोळा पडला. जावई कामावर होता. तिकडचं सगळं आटोपून लेक एकटी, एका बॅगेनिशी आमच्याकडे आली.

त्याच संध्याकाळी टीव्हीवाल्यांचा फोन आला. हे नाही म्हणतील असं मी धरूनच चालले होते. ह्यांनी कपाटातून कोट काढला.

“अहो, आज?”

“मी आधीच लिहिलं होतं, म्हणून तर बोलावतायत,” असं म्हणून ह्यांनी पंखा बंद केला.

लेक आतल्या खोलीत बसली होती. दार नुसतं लोटलेलं, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता. निवेदक म्हणाला, “सर, तुम्ही तर हा इशारा केव्हाच दिला होता!” हे म्हणाले, “हो. पाणी, वीज अशी केंद्रं लक्ष्य होण्याची शक्यता मी नाकारली नव्हती.” आणि त्या आवाजात, खोटं कशाला बोलू, समाधान होतं. मला त्या माणसाची किळस आली.

चर्चा संपली तशी लेक बाहेर आली. मला वाटलं, आता ही ओरडेल, ह्यांचा कोट धरून गदागदा हलवेल. तिने अगदी हळू विचारलं, “बाबा, मी आता इथे राहू, की जाऊ?”

‘राहा’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी मनातल्या मनात त्यांच्या हातापाया पडत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळे भरून आले होते, मी पाहिलं ना! मग तोंड उघडलं.

“हे बघ बाळ, तुझ्या दृष्टीने दोन्ही...”

ती आत जाऊन बॅग घेऊन आली. तिने ती उघडलीसुद्धा नव्हती. मी पंखा लावला, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग निघाले. हे धडपडत दारापर्यंत आले.

“अगं, तू कुठे निघालीस? परत येणार आहेस ना?”

“शक्यता नाकारता येत नाही,” मी म्हणाले.