गाबोळीविना खाडी

वर्ना विंडसर पाण्याबाहेर आली ती शिव्या घालतच. तोंडातली हवेची नळी बोटीत भिरकावून ती ओरडली, "खाली काही नाही! शेवाळ नुसतं हिरवंगार. एक अंडं नाही!"

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेला बेला गावाच्या उत्तरेची ही खाडी. मार्चमध्ये हेरिंग मासे इथे अंडी घालायला यायचे, तेव्हा नरांच्या चिकाने पाणी दुधासारखं व्हायचं. वर्नाची आई हेमलॉक झाडाच्या फांद्या पाण्यात सोडायची आणि त्या अंड्यांनी, गाबोळीने लगडल्या की वर ओढायची. त्या गाबोळीवर वाढलेली वर्ना पुढे सरकारी मोजणीत बुड्या मारू लागली. अंडी किती लांबवर पसरलीत, किती थर साचलेत, हे पाहून किती मासे आले त्याचा अंदाज बांधायचा. काम तिला मनापासून आवडायचं.

पण त्या वर्षी अंडी पडायच्या आधीच, किती मासे येतील याच्या नुसत्या भाकितावर, मासेमारी खुली झाली. मोठ्या जाळ्यांच्या बोटी आल्या आणि खाडीच्या तोंडाशी थांबलेले मासे एका दुपारीत उपसून गेल्या. आणि मग वर्नाला मोजायला पाठवलं!

मोजणीचा साहेब लॉफ्टस म्हणाला, "शांत हो. शेजारच्या खाडीत मासे जमलेत. किनाऱ्याचा सगळा पट्टा एकत्र धरला तर आकडा ठीक येतो."

"शेजारी जेवण शिजतंय, म्हणून माझ्या आईने उपाशी बसायचं?"

"अंदाज चुकतो कधीकधी, वर्ना."

"चुकतो ना? मग दर वेळी जाळीवाल्यांच्याच फायद्याचा कसा चुकतो?"

आता ती शेजारची खाडीही खुली होणार होती, आणि तिथे जाणाऱ्या जाळ्यांच्या बोटींत तिच्या धाकट्या भावाची, क्लाइडचीही एक होती.

"मी नाही गेलो तर दुसरा जाईल, ताई," तो जेवताना म्हणाला.

"मग जाऊ दे दुसऱ्याला! आईच्या तोंडचा घास काढायला घरचाच माणूस कशाला हवा?"

क्लाइड ताटावरून उठून गेला.

सकाळी वर्नाने आपली छोटी बोट त्या खाडीच्या चिंचोळ्या तोंडात आडवी नांगरली. मागोमाग गावातल्या होड्या येऊन तिला खेटून उभ्या राहिल्या. जाळ्यांच्या बोटींत क्लाइडची सर्वांत पुढे. भोंगा वाजवून तो ओरडला, "बाजूला हो, ताई!"

"ये ना! घाल अंगावर!"

त्याची बोट गुरगुरत तशीच उभी राहिली. मग क्लाइडने बोटीचं तोंड वळवलं. बाकीच्यांचीही पुढे यायची छाती झाली नाही.

संध्याकाळी तिथल्या मासेमारीची परवानगी मागे घेतली गेली, आणि वर्नाची नोकरीही. पुढच्या आठवड्यात त्या खाडीचं पाणी पांढरंशुभ्र झालं. आईने फांद्या वर ओढल्या, घरोघर वाटे पोचवले. क्लाइडचा वाटा त्याच्या बायकोने दारातूनच परत केला.

"राहू दे आता, निवेल त्याचा राग," आई म्हणाली.

"त्याचा निवेल गं. माझ्या रागाचं काय?" वर्ना म्हणाली, आणि भावाच्या वाट्याची गाबोळी उभ्या उभ्या, कराकरा चावून खाऊ लागली.