करंगळीचा धागा

माझा थोरला भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवायचा. एका दुपारी मागाचा लाकडी दांडा त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडावर बसला. रक्त आलं नाही. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र बधिर झालं. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना धागा निसटायचा, कापड खराब व्हायचं.

बोटं बधिर झाल्याचं त्यानं मालकाला सांगितलं. पुढे एकदा मी डबा घेऊन गेलो होतो, त्याच दिवशी मालकानं त्याला शिलाईच्या टेबलापाशी बोलावलं. तिथली सुई उचलून सगळ्यांसमोर त्याच्या अंगठ्यात टोचली. भावानं हात झटकला.

"बघा, कळतंय की याला," मालक म्हणाला. "नाटक्या हाय."

"शेठ, करंगळी मेलीय. अंगठ्याचं कुटं म्हणालो मी?"

कामगार हसले. भावाचं काम गेलं आणि नाटक्या हे नाव त्याच्या मागोमाग आमच्या गल्लीत आलं. लहान पोरंही त्याला त्याच नावानं हाक मारायची.

पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावलं. बोटाचा स्पर्श कळवणारी पेशी पाठीच्या कण्याजवळ असते, तिचा तंतू बोटाच्या टोकापर्यंत पोचतो. करंगळीचे तंतू कोपराच्या हाडामागून जातात, अंगठ्याचे वेगळ्या वाटेनं. म्हणजे मालकानं चालू माग तपासून बंद माग चालू ठरवला होता.

काही वर्षांनी मालकाला साखरेचा आजार असल्याचं कळलं. मी डॉक्टरांना पुन्हा भेटलो. माझ्या प्रश्नात काळजी नव्हती. ते म्हणाले, या आजारात सर्वांत लांब तंतू आधी मरतात, म्हणून सुरुवात पायांपासून होते. मी वाट बघायचं ठरवलं.

गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या कामगाराच्या मुलीच्या लग्नाला मी आणि भाऊ गेलो होतो. जेवणं उरकून मालक मंडपाबाहेर आला. चार पावलांत उजव्या पायातली चप्पल मागे राहिली. तो तापलेल्या फरशीवरून तसाच, बोलत चालला होता. मी चप्पल उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"शेठ, पाय भाजत न्हाय व्हय?"

त्यानं खाली पाहिलं. चेहरा उतरला. "पायाला कळत न्हाय रं आता," तो हळू म्हणाला.

जुने कामगार गोळा झाले होते. भावानं खिशावरच्या गुलाबाची टाचणी काढली आणि पुढे केली.

"हातात टोचून बगू का, शेठ? हात झटकलात तर तुमी बी नाटक्या."

कुणी हसलं नाही. मालकानं अंगठा मुठीत दडवला.