न्याहारीनंतरची गोळी

"डॉक्टरसाहेब, चिठ्ठी द्या. आईला ठाण्याला नेतो."

प्रकाश गायकवाड हे उभ्याउभ्याच बोलला. ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नसे. त्याची आई हिराबाई शेजारच्या बाकावर पदराने तोंड पुसत बसली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भिसेगावात डॉक्टर सामंतांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर तपासून कागदावर औषध लिहीत. मी मिक्श्चर ढवळायचो, पुड्या बांधायचो आणि कोणती गोळी कधी घ्यायची ते पेशंटला सांगायचो. हिराबाई भिवपुरीजवळच्या एका खेड्यातली, पन्नाशी उलटलेली विधवा. प्रकाश खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर.

"झालंय काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वारलेल्या बाबांशी बोलते. रोज. सकाळी उठून आळीभर सांगते."

"सपनात बोलते रं," हिराबाई म्हणाली. "जागेपनी नाय. येवढं तरी नीट सांग."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "काय बोलता?"

"ते वट्यावर बसल्येले असत्यात. मी म्हनते, आवं, तुमी तर गेलात. ह्ये सपान हाय, मला कळतंय. पन आलाच हाव तर बसा. मंग म्हशीचं सांगते. परवा म्हनलं, चला, जरा फिरून येऊ. तर कोंडाण्याच्या लेन्यांवरनं उडत गेलो."

मला हसू आलं. प्रकाशला आलं नाही.

"शेजारी म्हणतात, नवऱ्यानं झपाटलंय, भगताकडे न्या," तो म्हणाला. "धम्म घेतला तेव्हाच आम्ही भूतखेत सोडलं. मी भगताकडे जाणार नाही. मग राहिलं काय? डोकंच बिघडलं असणार. बायका तिला लावणीला सोबत घेत नाहीत आता."

इतका वेळ मजेत बोलणारी हिराबाई त्यावर मान खाली घालून पदराशी चाळा करू लागली. भाताची लावणी बायका ओळीने, गप्पा मारत करतात. त्या ओळीत जागा नसणं तिला फार लागलं होतं.

डॉक्टरांनी तिला वार विचारला, गावात विहिरी किती ते विचारलं, बेरजा-वजाबाक्या घातल्या. तिने सगळं बरोबर सांगितलं.

"डोकं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "हे कधीपासून?"

"महिना झाला आसंल."

महिन्यापूर्वी ती पायाला मुंग्या येतात म्हणून आली होती. डॉक्टरांनी बी-सिक्स या व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी जुना कागद मागवला. 'न्याहारीनंतर एक' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"गोळी कधी घेता?"

"निजताना. ह्या भाऊंनीच सांगितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती पहाटेच शेतावर जाते, न्याहारीचा नेम नसतो, असं तिनेच मला सांगितलं होतं. व्हिटॅमिन तर आहे, रात्री घेतलं तर काय बिघडतं, असा विचार करून मी वेळ परस्पर बदलली होती.

"रात्री मधे उठता का?"

"म्हस गाभन हाय. दिस भरत आल्यात. पहाटं तीनाला उठून बघते, मंग परत पडते. परत पडल्यावरच तर ते येत्यात."

डॉक्टरांनी प्रकाशला समजावलं. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पहाटेकडे जास्त. सलग झोपलं तर ती विसरली जातात. मधे जाग आली तर ध्यानात राहतात. आणि पुरतं जागं होऊन पुन्हा झोपलं, तर कधीकधी थोडी शुद्ध स्वप्नातही टिकते. माणसाला कळतं, की हे स्वप्न आहे. या गोळीने काहींची स्वप्नं ठळक होतात असं त्यांनी ऐकलं होतं. खात्री त्यांनाही नव्हती.

"मग गोळी बंद, उठणंही बंद," मी घाईने म्हणालो.

"एका वेळी एकच बदलायचं. नाहीतर कशानं काय झालं ते कळणार कसं? आणि तू आता पुरे कर."

पहिला आठवडा गोळी सकाळी, भाकरीचा तुकडा खाऊन. "येत्यात," हिराबाई येऊन म्हणाली, "पन पुसट. धोतराचा काठ दिसत नाय आता."

दुसऱ्या आठवड्यात म्हशीसाठी प्रकाशने उठायचं ठरलं. हिराबाई सलग झोपली आणि तिला काहीच आठवेना. मुंग्याही कमी झाल्या होत्या.

"म्हणजे ठाण्याची चिठ्ठी नको ना?" डॉक्टरांनी प्रकाशला विचारलं.

त्याने 'नको' म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, परवा पहाटे गोठ्यातून येऊन पडलो, तर मला बाबा दिसले. सायकल पुसत होते. मी लहान असताना पुसायचे तशीच."

"बोललास का रं?" हिराबाईने विचारलं.

"नाय. नुसतं बघत बसलो."

"पुढल्या येळंला बोल," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना विचारलं, "म्हस व्याल्यावर बी मी पहाटं उठले तर चालंल का?"

"उठा की. दिवसा झोप येत नसेल तर हरकत नाही. गोळी मात्र सकाळीच."

डॉक्टरांनी गावात निरोप धाडला, की हा दोष गोळीच्या वेळेचा होता. भूत नको होतं आणि वेडही नको होतं, पण औषधाची चूक सगळ्यांना पटली. हिराबाई लावणीच्या ओळीत परत गेली.

पंधरा दिवसांनी त्याच गावच्या दोघीजणी माझ्या खिडकीशी आल्या. दोघीही विधवा. इकडेतिकडे बघून एकीने हळूच विचारलं, "भाऊ, ती हिराबाईची गोळी हाय का? निजताना घ्यायची?"

मी त्यांना आत डॉक्टरांकडे पाठवलं. वेळ ही औषधाचाच भाग असते आणि ती ठरवायचं काम कंपाउंडरचं नसतं, एवढं मी तोवर शिकलो होतो.