नागपूरच्या वळणावरचा चरा

नागपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हाने थोबाडीतच दिली. मी रत्नागिरीची पोलीस उपनिरीक्षक. अपघाताचा छडा कसा लावायचा, याच्या प्रशिक्षणाला मला इथे धाडलं होतं. खरं सांगू? मनातून चरफडत होते. पंचनामा लिहायला शिकायचं म्हणून एवढ्या लांब यायचं!

सकाळी इथल्या सदर बाजारात तर्री-पोहे (पोह्यांवर झणझणीत चण्याचा रस्सा) खाल्ले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. टपरीवाला हसला. “काहून रडून राहिल्या मॅडम? अजून तर्री घ्या ना!” घेतली. कोकणची अब्रू राखायची होती.

मग शहराबाहेरच्या एका वळणावर प्रात्यक्षिक. प्रशिक्षकांनी ताजंच प्रकरण निवडलं होतं. स्कूटरवर दोन मैत्रिणी, समोरून ट्रक. मागे बसलेली गेली, चालवणारी वाचली. स्कूटर रस्त्याच्या उजव्या कडेला सापडली, म्हणून चालवणारीच उलट बाजूला गेली, असं कागदावर आलं होतं. तिला जागा दाखवायला बोलावलं, पण ती घराबाहेर पडेना. शहरातल्या नंदनवन वस्तीतून तिची आई आली होती.

“पोरगी जेवून नाही राहिली मॅडम,” ती म्हणाली. “मीच मारलं तिले, एवढंच म्हनते.”

आम्ही टेप घेऊन रस्त्यावर गुडघे टेकले. डांबर इतकं तापलेलं, की माझा गुडघा चांगलाच भाजला. रक्त लोकांनी त्याच दिवशी पाणी ओतून धुतलं होतं. पण डांबरात एक खोल चरा उरला होता, स्कूटर आडवी पडताना तिच्या स्टँडने कोरलेला. तो डाव्या बाजूला सुरू होऊन डावीकडेच संपत होता. म्हणजे पोरगी आपल्याच बाजूने चालली होती!

मग स्कूटर पलीकडे गेली कशी? कडेच्या पंक्चरवाल्याला विचारलं.

“आमीच ठेवली ना उचलून, निंबाखाली,” तो म्हणाला. “रस्त्यात राहिली असती तं मांगच्या गाडीनं चेंदून टाकली असती. भोवताल गोटेबी लावले.” आमचे चेहरे पाहून तो घाबरला. “काही चुकलं का साहेब?”

बिचारा मदतीला धावला आणि आळ आला पोरीवर.

प्रशिक्षकांनी तिथूनच तपास अधिकाऱ्यांना फोन लावला. पोरीच्या आईने माझा हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने लेकीला फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी म्हटलं, “बाळा, तू तुझ्याच बाजूने होतीस. चूक तुझी नव्हती.”

पलीकडून बारीक आवाज आला, “मॅडम, हे तिच्या मायले सांगता का? मले दारात उभी करत नाही ते.”

परतीच्या गाडीआधी प्रशिक्षकांना घेऊन मनीषनगर गाठलं. गेलेल्या मुलीच्या आईने सगळं ऐकून घेतलं. ट्रकचं काही विचारलं नाही.

“माही तं गेली,” ती म्हणाली. “पन ते पोरगीबी माह्याच हातचं खाऊन मोठी झाली. पाठवा तिले.”

गेलेलं माणूस कोणत्याही तपासाने परत येत नाही. जिवंत उरलेल्याला मात्र कधीकधी परत आणता येतं, एवढं मी नागपुरात शिकले. रत्नागिरीला उतरले, तर नंदनवनहून पोरीच्या आईचा फोन. पोरगी मनीषनगरला गेली होती आणि ती न् मैत्रिणीची आई एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. मीही प्लॅटफॉर्मवर, सगळ्यांसमोर रडले. अजिबात लाज वाटली नाही.