सहा वाजून दहा मिनिटांची नोंद

पोस्टची उंची साडेबारा हजार फूट. आम्ही बावीस जण. मी नायक, नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर म्हणजे आरएमओ खाली बटालियन मुख्यालयात. स्ट्रेचर आणि गाडी मिळून अडीच तास. माझ्याकडे औषधांची एक पेटी आणि एक आजारी रजिस्टर. आलेला प्रत्येक माणूस, वेळ, तक्रार, औषध. एकही ओळ चुकू द्यायची नाही, हा माझा नियम होता.

हवालदार भीमराव कांबळे गगनबावड्याचे, मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतला. पोस्टवर जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला कंपाउंडर.

त्या दिवशी ०६१० वाजता ते छाती चोळत आले.

"कंपाउंडर, गॅस झालाय. गोळी दे."

"दादा, रजिस्टरला नाव घालतो."

"घाल की. आन् माझं प्रमोशनबी तितंच घाल." मग हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या म्हैन्यात मेडिकल हाय. छातीचं नाव निघालं की तब्येतीची कॅटेगरी गेली. कॅटेगरी गेली की नायब सुभेदारी गेली. गप गोळी दे."

दुखणं लपवून मेडिकल पार करणं फौजेत नवीन नाही. मी ॲसिडिटीची गोळी दिली. नोंद केली नाही.

१०१५ वाजता ते बंकरच्या दारात बसले. अंग घामानं भिजलेलं, डावा हात जड. मी ॲस्पिरिन चावायला दिली, क्लोपिडोग्रेलच्या चार गोळ्या दिल्या आणि वायरलेस सेटवर गेलो.

"दुखणं कधी सुरू झालं? ओव्हर." आरएमओ.

"शून्य सहा एक शून्य, सर. ओव्हर."

"रजिस्टरमध्ये काय आहे?"

"काही नाही, सर."

"ताबडतोब खाली आणा. आउट."

घरी बसलेल्या माणसाला हे समजावं म्हणून सांगतो. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकते. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून ती वाढवतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ते चिकटणं रोखतात. झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ते काम शिरेतून देण्याच्या इंजेक्शनचं, आणि ते खाली आरएमओंकडे. ते देण्याआधी ईसीजी काढतात आणि विचारतात: डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव, नुकतंच ऑपरेशन? कारण ते जखम बुजवणारी गुठळीही फोडतं आणि रक्त थांबत नाही. आणि ते जितकं लवकर, तितकं हृदय वाचतं. पहिल्या दोन-तीन तासांचं मोल नंतरच्या तासांना नसतं. आज आमच्या पेठेत कुणी छाती धरून सोडा मागितला, तर मी गाडी मागवतो.

ढग खाली आले होते, हेलिकॉप्टर नव्हतं. सहा जणांनी आळीपाळीनं स्ट्रेचर उचललं. वाटेत दादा म्हणाले, "कंपाउंडर, तू सांगितलंस व्हय रं?"

"व्हय, दादा."

"मग गेली माझी सुभेदारी."

१३०५ ला ईसीजी. १३१५ ला इंजेक्शन. सात तास होऊन गेले होते. १५४० ला हृदय थांबलं. सकाळीच कळवलं असतं, तर ते इंजेक्शन नऊच्या सुमारास मिळालं असतं. हा हिशेब आरएमओंनी केला नाही. मी केला.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, ती योग्य होती.

सुट्टीवर आलो तेव्हा गगनबावड्याला दादांच्या घरी गेलो. वहिनींनी विचारलं, "सकाळपासनं दुखत हुतं?"

"सहा दहापासून."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचं ऐकायचं न्हवतं तुमी."

पोस्टवर सगळेच त्यांचं ऐकायचे. बर्फात वाट पाडायला ते पुढे असत, जेवायला शेवटी. हवालदार भीमराव कांबळे, वय एकोणचाळीस. त्यांचा शब्द मी एकदाच मोडायला हवा होता.