मावशीची दुसरी बरणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. बरीच वर्षं तर यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही — हो, इतकी मी निबर आहे.

मी परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा विषय शिंपले. कोण कुणाचं सख्खं भावंड, कोण लांबचं चुलत, दोघांचा पूर्वज एक की वेगळे — हे ठरवणारी मी बाई. आणि गंमत बघा, मी गिरगावातल्या अशा घरातली, जिथे तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, कधी शिजल्याच नाहीत. मला शिंपला ठाऊक तो स्पिरिटच्या बरणीतला. त्यावर मी परिषदांमध्ये बोलायचे आणि माझ्यासारखीच चार कोरडी माणसं माना डोलवायची.

आमच्या प्रयोगशाळेत शालिनीमावशी होती. बरण्या धुणं, स्पिरिट बदलणं हे तिचं काम. मूळची मालवणची, राहायला नायगावच्या चाळीत, जन्मभर तिसऱ्या साफ केलेली. शिवडीच्या चिखलातून आणलेल्या शिंपल्यांची माझी एक मोठी बरणी होती, सगळे एकाच जातीचे. स्पिरिट बदलताना मावशीने तिच्या दोन बरण्या केल्या. दुसरीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी — ‘ह्या वेगळ्या’.

“मॅडम, ह्या एक नाय हां,” ती म्हणाली. “वरून सारख्या दिसतात. आतला दात बघा ना.”

शिंपल्याच्या बिजागरीला आतून बारीक दात असतात. जात ठरवताना ते बघायचे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते. मग मी बघितले का? छे! बरण्या धुणारी बाई मला — मला! — वर्गीकरण शिकवणार? वर्ग भरलेला होता. मी दोन्ही बरण्या एका ट्रेमध्ये ओतल्या आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “ही काय मासळीबाजारातली पाटी आहे का?” पोरं हसली. मला बरं वाटलं. तेवढ्यावर भागलं नाही — संग्रह बिघडवला म्हणून मी प्राचार्यांना लेखी कळवलं. मावशी जिने पुसायला गेली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली.

पुढे त्याच शिंपल्यांची जनुकं तपासून घेतली. वंशवृक्षावर दोन लांबलांबच्या फांद्या निघाल्या. एकाच चिखलात राहून बाहेरून सारखे झालेले, बाकी नात्यातले म्हणावेत असेही नाहीत. तेव्हा कुठे मी दात बघितले. भिंगसुद्धा लागलं नाही.

आणि शोधनिबंधात काय लिहिलं? ‘दातांमधला फरक लेखिकेच्या लक्षात आला.’ लेखिकेच्या! त्यातली एक जात शास्त्राला नवी होती. तिला मी माझ्या गाइडचं नाव दिलं, ज्यांनी शिवडीचा चिखल कधी लांबूनही पाहिला नव्हता. मला बढती मिळाली. पेढे वाटले तेव्हा मावशी जिन्यावर होती. तिलाही एक दिला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. चाळ पाडली, टॉवरमध्ये घर मिळालं, सत्यनारायणाला या. गेले. तिने मला खुर्ची दिली, स्वतः लादीवर बसली आणि सुनेला सांगायला लागली, “ह्या आमच्या मॅडम. माझ्या हातून एकदा ह्यांच्या बरण्यांचा घोळ झालेला. पण ह्यांनी माझी नोकरी नाय जाऊ दिली.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “चुकलंच तेव्हा माझं, मॅडम.”

बोलायची वेळ हीच होती, नाही का? दोन वाक्यांचं काम. सून ऐकत होती, नातवंडं ऐकत होती. मी तोंड उघडलं — उघडलं होतं, खरंच.

“जाऊ द्या हो मावशी,” मी म्हटलं. “होतं असं कधी कधी.”

तिचा चेहरा केवढा हलका झाला! तिने माझ्या हातावर शिरा ठेवला. तो खाऊन, तिला माफ करून, मी घरी आले.